मला नसलेला भाऊ

मला चार बहिणी आहेत, भाऊ एकही नाही. तरी गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मला एक धाकटा भाऊ झाला, आणि तो मीच होतो.

झालं असं की मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंग आणि हातमोज्यांच्या खोक्यांत बसलो होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या माणसाने माझं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट घेतलं आणि विचारलं, "तेच बोलताय का?" इतकं पूर्ण नाव दोनच प्रकारची माणसं घेतात, लग्नपत्रिका छापणारी आणि वसुलीवाली. आमच्या घरात लग्न निघालेलं नव्हतं. मी म्हणालो, "तो बाहेर गेलाय. मी त्याचा भाऊ बोलतोय."

"धाकटे का थोरले?"

इथे फोन ठेवता आला असता. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच, ही माझी शाळेपासूनची खोड. "धाकटा," मी म्हणालो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला वय कमी करून घ्यायची संधी रोज थोडीच मिळते.

"मग तुम्हीच जरा समजवा की त्यांना," तो म्हणाला. "क्रेडिट कार्डाचं जुनं प्रकरण आहे. आमच्याकडे वसुलीला आलंय. माणूस फोनच उचलत नाही."

"तो तसाच आहे पहिल्यापासून," मी म्हणालो.

पुढचे तीन आठवडे तो एक दिवसाआड फोन करायचा आणि मी धाकटा भाऊ म्हणून उचलायचो. आवाज चाळिशीतला वाटायचा, बोलणं सभ्य. आम्ही दोघं मिळून माझी निंदा करायचो. "घरात सांगितलंय का त्यांनी?" तो विचारायचा. "कसलं सांगतोय, घाबरट आहे," मी म्हणायचो. एकदा तर मी त्याला सुचवलं की थोरल्याला चांगला दम द्या, त्याशिवाय तो सुधारायचा नाही. खरं सांगतो, इतकी वर्षं जे स्वतःला ऐकवता आलं नव्हतं, ते भावाच्या नात्याने सहज बोलून गेलो. फोन ठेवला की हलकं वाटायचं.

हे असंच चाललं असतं, पण एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "अहो, पण हा माणूस असतो तरी कुठे?" आणि मी, पुन्हा त्याच खोडीपायी, म्हणालो, "काष्टीला गेलाय. सासरवाडीला. कांदे काढायला."

"काष्टी? थांबा हां. फॉर्मवर सासऱ्यांचा नंबर आहे इथे. मग तिकडेच लावतो."

फोन कट. मी बेअरिंगचं खोकं हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. समोर माल मागायला आलेला फिटर म्हणाला, "साहेब, द्यायचं नसलं तर सांगा, मी नंतर येतो."

सासऱ्यांचा नंबर त्या फॉर्मवर कसा आला, तेही सांगून टाकतो. कार्ड मी पेट्रोलपंपावरच्या टेबलावर घेतलं होतं, कारण त्याबरोबर प्रवासाची बॅग फुकट होती. फॉर्ममध्ये ओळखीच्या माणसाचा नंबर लिहा म्हणाले. मला तोंडपाठ असा एकच नंबर होता. लग्न ठरलं तेव्हा मी काष्टीच्या त्या घरी इतके फोन केले होते की तो नंबर अजून डोक्यातून गेलेला नाही. पुढे घरातल्या फोनचा मोबाईल झाला तेव्हा सासऱ्यांनी नवा नंबर मला चारदा म्हणून दाखवायला लावला होता, तोच मी फॉर्मवर लिहिला.

कार्ड दोनतीन वर्षं पाकिटात नुसतं पडून होतं. मग या फोनांच्या सात वर्षं आधी मी तेव्हा काम करत होतो त्या कारखान्याच्या ऑर्डरी बंद झाल्या. "काही महिने घरी बसा, मग बघू," असं साहेबांनी सांगितलं. मी घरी बसलो नाही. पहिल्या दिवशी बायकोला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं असं ती विचारेल म्हणून सांगता येईना. आठवड्यानंतर तर ते अशक्यच झालं. रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला मी मोटारसायकल काढायचो आणि संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला परत यायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. सात तारखेला मी बँकेतून पगार काढतो, पाकिटात घालतो आणि देव्हाऱ्यासमोर ठेवतो. ती दिवा लावते आणि पाकीट उचलते. त्या महिन्याची सात तारीख आली तेव्हा पगार नव्हता, पण कार्ड होतं. एटीएममध्ये घातलं, वीस हजार बाहेर आले. पाकिटात घालून देव्हाऱ्यासमोर ठेवले, पाकीट नेहमीसारखंच दिसत होतं. अशी चार पाकिटं ठेवली. चौथ्यानंतर आत्ताच्या या कारखान्यात नोकरी लागली.

स्टोअरमध्ये दोन वायसर कमी भरले तरी मी रजिस्टर घेऊन हिंडतो. पण कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते ती म्हणजे हप्ता, अशी माझी ठाम समजूत. दोन वर्षं मी ती इमानाने भरली. मग एकदा चष्मा लावून नीट पाहिलं, तर उचललेल्या ऐंशी हजारांपेक्षा बाकी जास्त दिसत होती. तेव्हा मी अडचणीत जे नेहमी करतो तेच केलं. बघायचं बंद केलं. नंबर बदलला. कार्ड कात्रीने कापून फुकटच्या बॅगेत टाकलं.

आता नव्या नंबरावर तो माणूस सापडला होता, आणि म्हणत होता की देणं दोन लाखांच्या वर गेलंय. आकडा मोठा होताच. पण झोप उडाली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या चार पाकिटांत पगाराचा एक रुपयाही नव्हता, हे हिला कळलं तर? लग्नाला तेवीस वर्षं झाली. ती दिवा लावून पाकीट उचलते, आत किती आहेत ते कधी माझ्यासमोर मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांचा फोन आला.

"पाव्हणं, जेवान झालं का?"

"झालं, मामा."

"बरं. तुमाला भाऊ कवा झाला?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"न्हाई, एका मानसाचा फोन आल्ता नगरवरनं. म्हन्ला, तुमच्या जावयाच्या धाकट्या भावानं सांगितलं, पाव्हणं तुमच्याकडं हायेत म्हनून. मी मनात म्हन्लं, लग्नातलं मानाचं आहेर मी सोता घेतल्यात. चार बहिनींच्या चार साड्या. दीर असता तर त्याला बी पोशाख घ्यावा लागला असता. तेवढा एक पोशाख वाचला, म्हनून माझ्या चांगलं ध्यानात हाय."

"मामा, ती जरा गडबड झाली."

"त्ये कळलं. आन् तुमी कांदं काढताय म्हन्ल्यावर तर सारंच कळलं. बाजारच्या दिवशी या. एकटं या."

बायकोला मी सांगितलं की मामांना बाजारात मदत हवी आहे. ती म्हणाली, "तुमची?" आणि एवढंच विचारून हातात पिशवी दिली, येताना गावरान लसूण आणायला.

दौंड रस्त्याने जाताना मी खिशात दहा हजार रोख ठेवले होते. वसुलीवाला भेटलाच तर त्याच्या हातावर ठेवून तात्पुरतं गप्प करावं, असा माझा बेत. तो भेटलाच. सासऱ्यांच्या पडवीत, खाटेवर, मांडीवर बॅग आणि हातात चहाचा ग्लास घेऊन बसला होता.

त्याचं असं झालं होतं. माझे सासरे कोणाशीही बोलताना पहिला प्रश्न विचारतात, "गाव कोनतं?" चुकून नंबर लागलेल्या माणसालाही ते पंधरा मिनिटं सोडत नाहीत. या माणसाने फोनवर देणं, वसुली, नोटीस असं काही सुरू करायच्या आत त्यांनी त्याचं गाव काढून घेतलं. देवळाली प्रवरा. मग आळी. मग आजोबांचं नाव. सासऱ्यांची आत्या देवळालीलाच दिलेली होती. धागा धरून धरून ते कुठे पोचले देव जाणे, पण शेवटी तो माणूस आत्याच्या दिराचा नातू निघाला. म्हणजे काष्टीच्या हिशोबाने माझ्या बायकोचा भाऊ. माझा मेहुणा. मग सासऱ्यांनी त्यालाही बाजारच्या दिवशी जेवायला बोलावून टाकलं.

"नमस्कार," मी म्हणालो.

त्याचा ग्लास तोंडाशी थांबला. माझ्याकडे बघत तो म्हणाला, "हा आवाज... धाकटे भाऊ का?"

"त्योच," सासरे म्हणाले. "थोरला बी त्योच."

तो कपाळावर आठ्या घालून बघतच राहिला. मग ग्लास खाली ठेवत म्हणाला, "दाजी, तुम्ही मला सांगत होतात, त्याला दम द्या म्हणून."

"दिला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे."

"मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं, कर्जदार नालायक आहे, पण भाऊ देवमाणूस आहे." हे म्हणाला तेव्हा तो हसत नव्हता. हसले ते सासरे, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा सासूबाईंनी आतून पाणी आणि मागोमाग ताटं आणली.

बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. जेवण होईपर्यंत त्याने बॅग उघडली नाही. हात धुतल्यावर मात्र कागद काढला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी घाईने खिशातले दहा हजार काढले. त्याने माझा हात नोटांसकट मागे लोटला.

"दाजी, मला रोख एक रुपया द्यायचा नाही. माझ्या नावाने दुसरा कोणी आला तर त्यालाही नाही. हे पैसे कागदावर कुठे दिसले नसते, आणि उद्या तुम्ही भरले म्हणून सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं."

मग बोट ठेवून त्याने एकेक ओळ दाखवली. हे तुम्ही उचललेले. हे तुम्ही दोन वर्षांत भरलेले. आणि ही खालची सगळी जत्रा, व्याज, व्याजावर दंड, दंडावर कर. एवढी वर्षं झाली म्हणजे बँकही मिटवायला बघते. एकरकमी भरतो, किती घेणार, असा अर्ज करा. त्यांचं पत्र हातात आल्याशिवाय भरायचं नाही, भरायचं ते बँकेतच, आणि भरल्यावर काही येणं नाही असा दाखला मिळेपर्यंत त्यांच्या मागे लागायचं. "आतापर्यंत मी तुमच्या मागे होतो, आता तुम्ही त्यांच्या मागे लागा," तो म्हणाला.

मी काहीतरी आभाराचं बोलायला लागलो तर त्याने थांबवलं. "उपकार बिपकार काही नाही. मिटलं की मला माझं कमिशन मिळतं. एवढंच की घाबरवून घेण्यापेक्षा सांगून घेतलेलं बरं. आमच्यातही सगळे तसं करत नाहीत." मग हेल्मेट घालून तो श्रीगोंद्याच्या दिशेला गेला. तिकडे अजून दोन घरं करायची होती.

कमिशन मिळो न मिळो, मी त्याला उपकारच समजतो. त्या दिवशी माझ्या हातातल्या नोटा त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होत्या.

सासरे मला कांद्याच्या चाळीकडे घेऊन गेले. तिथे बायका ऐकत नाहीत असा त्यांचा समज आहे. म्हणाले, "पैशे कमी पडलं तर सांगा. कांद्याचं आल्यात थोडं."

"नको मामा. तेवढं मी करीन. फक्त हिला सांगू नका."

त्यांनी एक कांदा उचलला, दाबून पाहिला, सडका निघाला तो बाजूला फेकला. दुसरा उचलला. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. त्यांचा एक कान जरा जड आहे.

"मी सोताहून सांगनार न्हाई," शेवटी म्हणाले. "पन ती रोज आठला फोन करती. आज इचारनारच, हे कशाला आल्ते म्हनून. तिच्याशी मी आजवर खोटं बोल्लो न्हाई, पाव्हणं. तुमच्यासाठी बोलाया लावू नका."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं पडलं असतं.

"आठच्या आत तुमीच सांगा," ते म्हणाले, आणि लसणाची जुडी माझ्या पिशवीत टाकली.

परतताना मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकच्या मागे शांतपणे गाडी चालवली. एकाही ट्रकला ओलांडून जावंसं वाटलं नाही. तरी साडेसहाला घर आलंच.

ती ओट्याशी बसून कोथिंबीर निवडत होती. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि सुरुवात पेट्रोलपंपावरच्या बॅगेपासून केली. बॅगेचा रंग, तिची चेन कशी आठवड्यात तुटली, टेबलावरची मुलगी किती गोड बोलत होती.

"मुद्द्यावर या," ती म्हणाली. "आठला मला आप्पांना फोन करायचाय."

मग मी मुद्द्यावर आलो. कारखान्यातलं काम सुटलं ते, मी बाहेर पडत राहिलो ते, आणि देव्हाऱ्यासमोरची चार पाकिटं. तिचे हात थांबले. मी खाली फरशीकडे बघून बोलत होतो, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

"कोणते चार महिने?"

"उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत."

ती उठली. मला वाटलं, आता ही आतल्या खोलीत जाऊन दार लावणार. ती गेली कपाटाकडे, आणि बचत गटाचं पासबुक घेऊन आली. पानं उलटत सात वर्षं मागे गेली आणि माझ्यासमोर धरलं. त्या चारही महिन्यांत, नेहमीच्या दोनशेच्या जागी, दोन-दोन हजार जमा होते.

"तुमच्या कंपनीचं काही खरं नाही असं गटातल्या बायका म्हणत होत्या," ती म्हणाली. "उद्या पगार बंद झाला तर हाताशी असावेत म्हणून मी प्रत्येक पाकिटातून काढून ठेवत होते."

मी ते ओळीओळीने समजून घेतलं. पगार बंद झाला म्हणून मी कार्डावर कर्ज काढत होतो, आणि पगार बंद होईल म्हणून ती त्याच कर्जातून बचत करत होती. मी महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त देऊन आणलेले पैसे तिने गटात घातले होते, आणि गटाने त्यावर लाभांश म्हणून तिला एक स्टीलचं पातेलं दिलं होतं. ते पातेलं गॅसवर होतं, त्यात डाळ शिजत होती.

आधी कोण हसलं ते आता दोघांनाही आठवत नाही. पण हसून झाल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. आठ वाजता तिने फोन लावला, आणि मी पाठीमागे उभा होतो. "हो आप्पा," एवढंच म्हणाली, "सांगितलं त्यांनी." मग पाऊस, गुडघे आणि गाईचं दूध यांवर नेहमीसारखं बोलली.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. माझं अक्षर बँकेला लागायचं नाही, असं तिचं म्हणणं. मग त्या माणसाला तिनेच फोन लावला. तो तिला ताई म्हणाला, ही त्याला "पत्र आधी, पैसे नंतर" म्हणाली, आणि तो म्हणाला, "ताई, हे मीच त्यांना शिकवलंय." महिन्याभराने पत्र आलं. साठ हजारांवर मिटत होतं. गटातले तिचे आणि माझा बोनस मिळून तेवढे झाले. भरायला आम्ही दोघंही गेलो. स्लिप तिने माझ्या हातात राहू दिली नाही, लगेच पर्समध्ये टाकली. भाऊबीजेला तो आमच्याकडे आला, हिने त्याला ओवाळलं. वसुलीच्या धंद्यात ओवाळणी घालायची वेळ पहिल्यांदाच आली, असं तो म्हणत होता.

देवाने मला ज्या माणसांत आणून टाकलं, त्यांना माझ्याऐवजी थोडा शहाणा माणूस मिळायला हरकत नव्हती, असं मला अधूनमधून वाटतं. सासऱ्यांनी त्यानंतर हा विषय एकदाही काढलेला नाही. गेलो की अजून तसंच, "पाव्हणं, जेवान झालं का?" आणि ताटावर बसवतात.

दाखला यायला दिवाळीनंतरचे आणखी काही आठवडे गेले. साधा एक कागद, त्यावर शिक्का. हिने तो दोनदा वाचला, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्या असतात त्या फायलीत लावला, आणि फाईल मांडीवर तशीच ठेवून म्हणाली, "एक विचारायचं राहिलंय. मी तर रोज सकाळी डबा करून देत होते. तो कुठे बसून खायचात?"

"मार्केटयार्डात. वजनकाट्यापाशी एक कडुलिंब आहे. पाऊस असला तर स्टँडवर."

"एकटेच?"

"एक हमाल यायचा कधीकधी. त्याला तुझी शेंगदाण्याची चटणी आवडायची."

ती उठली, फाईल कपाटात वरच्या फळीवर ठेवली, आणि दार लावता लावता म्हणाली, "घरी सांगितलं असतंत, तर चार महिने गरम तरी जेवला असतात."